भटकंतीची पेटी : करादागवरची पडकी चर्चं, आलाहान आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात तुर्कीतल्या कोन्याबद्दल लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की रुमीच्या दर्ग्यापर्यंत पोचलाच आहात तर तसेच दक्षिणेला करामानकडे उतरा, तिथल्या डोंगरांत बायझंटाइन काळातली (म्हणजे कॉन्स्टँटिनोपलहून, आजच्या इस्तंबूलहून, चालणाऱ्या पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातली) पडकी चर्चं आणि मठ आहेत. त्या एका ओळीवर एवढे मेल आले की हा महिना त्यालाच देऊन टाकलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत, गाव तेवढं ठेवलंय.

ताई, आम्ही दोघं रिटायर्ड. ऑक्टोबरमध्ये तुर्कीला जातोय, इस्तंबूल, कप्पादोकिया, कोन्या असं ठरलंय. मुलगा म्हणतो पडक्या भिंती बघायला दोन दिवस घालवणं म्हणजे वेडेपणा आहे. तिथे बघण्यासारखं आहे तरी काय? आणि एक हजार एक चर्च खरंच आहेत का? (नाशिक)

नाहीत हो. बिनबिरकिलिसे हे करादाग डोंगरावरच्या या चर्चांचं तुर्की नाव, त्याचा अर्थ तसा होतो खरा, पण मोजायला बसलं तर पन्नासच्या आसपास भरतात, आणि त्यातही कुठे अर्धी कमान उभी आहे, कुठे नुसता गर्भगृहाचा अर्धगोल शिल्लक आहे, कुठे फक्त दगडांचा ढीग, की इथे काहीतरी होतं एवढंच कळावं. तिकीटघर, गाइड, कॅफे, फ्रिज मॅग्नेट यातलं काही डोक्यात ठेवून जाऊ नका. मुलगा म्हणतोय ते या अर्थाने बरोबर आहे की कप्पादोकियासारखं 'वॉव' वगैरे पहिल्या पाच मिनिटांत होणार नाही. पण मला विचाराल तर जाच.

आधी जागा समजून घ्या. करामान हे गावच हजार मीटरवर आहे, सगळा सपाट पठारी मुलूख, गहू आणि सफरचंदाच्या बागा, आणि त्या सपाटीतून उत्तरेला एकटाच उठलेला काळपट डोंगर म्हणजे करादाग. विझलेला ज्वालामुखी आहे, उंची सव्वादोन हजार मीटरच्या वर. त्याच्या अंगावर दोन वस्त्या आहेत, पायथ्याकडची मादेनशेहरी आणि वर सातआठ किलोमीटरवर देय्ले. दोन्हीकडे चर्चं आहेत, आणि ती दोन ठिकाणी का आहेत यातच सगळी गोष्ट आहे. विल्यम रॅम्से नावाच्या स्कॉटिश अभ्यासकाचा अंदाज असा, की आधी खालचं गाव भरभराटीला आलं, मग सातव्या शतकापासून दक्षिणेकडून अरबांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या, दरवर्षी उन्हाळा आला की धाड, तेव्हा लोक उठून वर देय्लेला गेले आणि नवव्या शतकात धोका कमी झाल्यावर परत खाली उतरून त्यांनी पडलेली चर्चं दुरुस्त केली, काही नवी बांधली. पुढे १०७१ मध्ये मांझिकर्टच्या लढाईत बायझंटाइन सम्राट सेल्जुक तुर्कांकडून हरला आणि हा सगळा प्रदेशच हळूहळू हातातून गेला. म्हणजे तुम्ही खाली बघाल आणि मग वर जाल तेव्हा जीव मुठीत धरून डोंगर चढलेल्या लोकांच्या मागोमागच चढत असाल.

मादेनशेहरीत गावाच्या मधोमधच पहिल्या नंबरचं चर्च आहे, सगळ्यात मोठं. नंबर रॅम्से आणि गरट्रूड बेल यांनी दिलेले, अजून तेच चालतात. बेल म्हणजे पुढे इराकच्या राजकारणात गाजली तीच. ती १९०५ मध्ये इथे एकटी येऊन गेली, नंतर कोन्यात रॅम्सेशी गाठ पडली आणि १९०७ च्या उन्हाळ्यात दोघांनी इथे तळ ठोकून एकेक चर्च मोजून काढलं, १९०९ मध्ये त्याचं जाडजूड पुस्तक आलं. आता माझी एकच टीप पाळायची असेल तर ही पाळा : बेलचे त्या वेळचे फोटो न्यूकॅसल विद्यापीठाच्या अर्काइव्हमध्ये इंटरनेटवर फुकट आहेत, ते फोनमध्ये आधीच डाउनलोड करून न्या, कारण डोंगरावर नेटवर्कचा भरवसा नाही. आणि मग त्याच जागी उभं राहून फोटो आणि समोरचं लावून बघा. फोटोत अख्खी कमान आणि समोर तिचा एकच पाय, फोटोत भिंत आणि समोर शेळ्यांचा गोठा, असं करत करत तास कसा जातो कळत नाही. आमच्या ह्यांना जुन्या वास्तूंचा काडीचा शौक नाही, पण हा खेळ सुरू झाल्यावर तेच पुढे आणि मी मागे.

आणि पडलेले दगड गेले कुठे, तर गावातच आहेत. घरांच्या भिंती बघत चला. साध्या ओबडधोबड दगडांच्या भिंतीत मधेच एक चौकोनी घडीव दगड, त्यावर वर्तुळातला क्रूस कोरलेला, आणि त्याच्या शेजारी लोखंडी कडीला गाढव बांधलेलं. आपल्याकडे हेमाडपंती देवळाची नक्षीची शिळा कुणाच्या तरी परसात धुण्याचा दगड होऊन बसलेली असते ना, अगदी तसंच. काही लोक हे बघून हळहळतात, मला तेवढं वाईट वाटत नाही, त्या डोंगरावर दुसरा दगड आणणार कुठून आणि आणून देणार कोण. फोटो काढण्याआधी मात्र घरातल्या माणसाला हात वर करून विचारा, घर आहे ते त्यांचं. बहुतेक वेळा चहाच येतो समोर.

आता तुमच्या वयाचं आणि गुडघ्यांचं. करामानला कोन्याहून फास्ट ट्रेन आहे, २०२२ पासून, तासाच्या आत पोचवते. राहा करामानमध्येच, डोंगरावर राहायच्या भानगडीत पडू नका. तिथून मादेनशेहरी चाळीसेक किलोमीटर, तुम्हाला सोयीची अशी बस नाही, म्हणून हॉटेलवाल्याला सांगून अख्ख्या दिवसाची टॅक्सी ठरवा आणि वर देय्लेपर्यंत जायचंय, थांबायचंय, परत यायचंय हे सगळं निघायच्या आधीच बोलून घ्या, भाडं कागदावर लिहून घ्या, नाहीतर खालची दोन चर्चं दाखवून माणूस म्हणेल झालं. देय्ले चुकवू नका, मला तर खालच्यापेक्षा तेच जास्त आवडलं, कारण खाली चर्चं सुटी सुटी विखुरली आहेत आणि वर सगळं एकमेकांना चिकटून, चर्च, मठ, घरं, पाण्याची टाकी, आख्खं गावच्या गाव दाटीने बसलंय. डोंगरावर नदी-ओढा नाही, त्यामुळे पावसाचं-बर्फाचं पाणी साठवायला जागोजागी टाकी खोदलेली आहेत, आणि त्यांची तोंडं गवतात लपलेली असतात. म्हणून फोनमध्ये बघत चालू नका, हे मी सिरीयसली सांगतेय. पायात बूट, फुल पँट कारण काटेरी झुडपं भरपूर, जवळ पाणी आणि थोडं खाणं. टॉयलेट मशिदीला लागून असतं. ऑक्टोबर चांगला महिना आहे, दुपारी ऊन आणि संध्याकाळी स्वेटर. नोव्हेंबरनंतर नको, बर्फ पडतं. सगळ्यात सुंदर म्हणाल तर एप्रिलअखेर ते जूनची सुरुवात, तेव्हा हिरवं असतं.

एक राहिलंच, कुत्री. मेंढपाळांची कुत्री दांडगी असतात, गळ्यात खिळ्यांचा पट्टा, लांडग्यापासून मान वाचावी म्हणून. ती तुमच्यावर नाही, कळपाजवळ येणाऱ्या कुणावरही धावतात. कळप दिसला की लांबून वळसा घाला, पळू नका, मेंढपाळाला हाक मारा, तो बोलावून घेतो. घोडे दिसले तर मात्र घाबरू नका, करादागवर मोकाट घोड्यांचे कळप आहेत, ते आपणहूनच लांब राहतात.

आलाहान आणि सुमेला यातलं एकच जमणार आहे, कुठलं करू? सुमेला सगळ्यांच्या रीलमध्ये दिसतं म्हणून तिकडे ओढा आहे. (पुणे)

रीलमध्ये दिसतं म्हणून जायचं असेल तर सुमेलालाच जा, वाईट काहीच नाही, कड्याला चिकटवल्यासारखा मठ आहे, खाली जंगलाची दरी, फोटो कसाही काढा चांगलाच येतो. पण ते पार तिकडे काळ्या समुद्राच्या बाजूला, त्राब्झोनजवळ. कोन्याचा प्लॅन असेल तर सुमेला म्हणजे वेगळी ट्रिपच धरा. आणि गर्दी.

आलाहान हे जुन्या बायझंटाइन चर्चांचं ठिकाण करामानहून दक्षिणेला मुतच्या रस्त्यावर आहे (हसू नका, गावाचं नाव तेच आहे, आणि तिथली जर्दाळू प्रसिद्ध आहेत). करामान सोडलं की सर्तावुलचा घाट लागतो, सोळाशे मीटरच्या आसपास, आणि घाट ओलांडला की हवाच बदलते, पठाराचा कोरडा वारा मागे राहतो आणि समोर गोकसू नदीचं प्रचंड खोरं उघडतं. ही तीच नदी, जिच्यात ११९० मध्ये क्रुसेडला (ख्रिस्ती धर्मयुद्धाला) निघालेला जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा बुडून मेला, तो इथून बराच खाली, सिलिफकेच्या बाजूला. मुतच्या अलीकडे वीसेक किलोमीटरवर हायवेवरून डावीकडे फाटा फुटतो आणि दोनतीन किलोमीटर चढून गेलं की आलाहान. सिलिफकेकडे जाणारी बस फाट्यावर सोडते, पुढे चढ चालायचा. जमणाऱ्याने चालावं, नाही तर गाडी.

इथे डोंगराच्या कुशीत एक लांबट कट्टा तयार करून त्यावर सगळं बांधलंय, पश्चिमेला एक चर्च, पूर्वेला एक चर्च आणि दोन्हींना जोडणारा खांबांचा रस्ता, शंभर मीटरहून लांब, मधे बाप्तिस्म्याची जागा आणि तिथे क्रूसाच्या आकाराचं खोल कुंड. काळ पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. तारासिस नावाच्या संस्थापकाचा इथे शिलालेख आहे, ४६२ मध्ये तो वारला. याच डोंगराळ इसाउरिया प्रदेशातला एक माणूस पुढे झेनो नावाने कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर बसला, ४७४ ते ४९१, मधला थोडा काळ सोडून. राजधानीतली बडी मंडळी इसाउरियन लोकांना रानटी, लुटारू समजायची, आणि त्यांच्यातलाच सम्राट झाला म्हटल्यावर किती नाकं मुरडली गेली असतील. इथल्या बांधकामाला झेनोचा पैसा लागला असं बरेच अभ्यासक मानतात. आडरानात एवढं उंची काम बघितलं की ते पटतंही.

पश्चिमेच्या चर्चचं दार बघायला वेळ ठेवा. चौकटीवरच्या पट्टीवर उडते देवदूत आहेत, मधे वर्तुळात ख्रिस्ताचा चेहरा, झिजलेला. आता दाराच्या आत एक पाऊल टाका, थांबा आणि मान वर करा. पट्टीच्या खालच्या अंगाला, म्हणजे डोक्यावर, चार जीवांचं एक कोरीव शिल्प आहे, माणूस, सिंह, बैल, गरुड, ती चार शुभवर्तमानकारांची, म्हणजे येशूचं चरित्र लिहिणाऱ्या चौघांची चिन्हं. बरेच लोक सरळ आत निघून जातात आणि ते बघायचंच राहतं. चौकटीच्या दोन्ही आतल्या बाजूंना गाब्रिएल आणि मायकेल हे देवदूत उभे आहेत, पायाखाली जुन्या धर्मांच्या मूर्ती तुडवत. ते बघून मला जरा अस्वस्थच वाटतं, पण त्या काळाचा आवेश होता तसा.

पूर्वेचं चर्च जवळजवळ छतापर्यंत उभं आहे, दीड हजार वर्षांनी. सतराव्या शतकात एव्हलिया चेलेबी हा उस्मानी प्रवासी इथून गेला, तोही कारागिरी बघून चाट पडला होता. १९५५ पासून मायकेल गफ या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने इथे बरीच वर्षं खोदकाम केलं, १९७३ मध्ये तो गेला आणि मग त्याच्या बायकोने, मेरी गफने, ते काम १९८५ मध्ये छापून आणलं. जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत हे ठिकाण २००० पासून आहे, अजून मुख्य यादीत गेलेलं नाही, आणि स्वार्थीपणाने सांगायचं तर जाऊच नये, तिथला निवांतपणा टिकतोय तोवर टिकू दे.

तर उत्तर : एकच दिवस असेल तर आलाहान, करादागही नको. दोन असतील तर पहिल्या दिवशी करादाग, दुसऱ्या दिवशी आलाहान, याच क्रमाने. उलटं केलंत तर आलाहानच्या नक्षीनंतर करादागचे दगड फिके वाटतील.

मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. असे अवशेष बघताना नेमकं काय शोधायचं? पुस्तकात प्लॅन बघितला की कळतं, जागेवर गेलं की सगळे दगड सारखेच. (कोल्हापूर)

सगळ्यांचंच होतं असं. आधी पूर्व दिशा शोध. या चर्चचा गर्भगृहाचा अर्धगोल पूर्वेला असतो, म्हणून होकायंत्र उघड आणि पूर्वेची गोल भिंत शोध, ती सापडली की बाकीचा प्लॅन आपोआप उलगडतो : समोर मधला रुंद भाग, दोन्ही बाजूंना अरुंद भाग, पश्चिमेला ओसरी आणि दार. अर्धगोलाची भिंत सहसा बाकीच्या भिंतींनंतर पडते, कारण वळणामुळे ती स्वतःला धरून ठेवते, त्यामुळे नुसतं तेवढंच उभं असलेलं बरंच दिसेल.

बिनबिरकिलिसेला दोन गोष्टींवर लक्ष ठेव. एक म्हणजे कमानींचा आकार, त्या अर्धगोलाच्या पुढे जाऊन खाली आत वळतात, घोड्याच्या नालासारख्या. लोक ती इस्लामी कमान समजतात, पण मध्य अनातोलियात (म्हणजे तुर्कीच्या या पठारी भागात) ती इस्लाम यायच्या आधीपासून होती. दुसरं, खांब. एकेक गोल खांब नाही, मधे चौकोनी आणि दोन्ही बाजूंना अर्धगोल खांब जोडलेला, सगळं एकाच दगडात, कारण वर लाकडी छत नाही तर दगडी पिंपळी छत आहे (पिंपळी म्हणजे पिंप अर्धं कापून पालथं घातल्यासारखं, हा शब्द आमच्या घरचा, परीक्षेत लिहू नकोस), त्याचं वजन पेलायला जाड आधार लागतो. डोंगरावर लांब तुळया मिळणार कुठून, दगड मात्र हवा तेवढा. आणि त्यानंतर आलाहानला पूर्वेच्या चर्चमध्ये जा, तिथे मधल्या चौकोनी भागावर मनोरा चढवलाय आणि चार कोपऱ्यांत तिरप्या छोट्या कमानी टाकून चौकोनाचा अष्टकोन केलाय. त्यावर लाकडी छप्पर होतं की घुमट यावर अभ्यासकांचे वाद झालेत. ५३२ ते ५३७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलची हागिया सोफिया बांधली गेली त्याच्या दोन पिढ्या आधीचं हे काम, म्हणजे चौकोनावर गोल कसा बसवायचा या प्रश्नाशी लोक तेव्हा कसे झटापट करत होते ते इथे डोळ्यांनी दिसतं. टेप, वही आणि पेन्सिल ने, फोटोपेक्षा स्केच कर.

आणि करादागच्या शिखरावर एक चर्च आहे, त्याच्याजवळच खडकात हित्ती (इथल्या प्राचीन लोकांच्या) चित्रलिपीतला लेख आहे, हार्तापु नावाच्या महाराजाचा, म्हणजे चर्चच्या हजारएक वर्षं आधीपासूनच ती जागा पवित्र मानलेली. याच हार्तापुचं नाव असलेला आणखी एक दगड २०१९ मध्ये कोन्याच्या मैदानात एका शेतकऱ्याला पाटाच्या पाण्यात सापडला. एवढं मोठं राज्य होतं आणि पत्ता लागला तो कालव्यात.

आम्ही शुद्ध शाकाहारी. डोंगरात उपाशी राहू का? (डोंबिवली)

नाही राहणार. मसूरच्या डाळीचं सूप सगळीकडे मिळतं, फक्त विचारून घ्या, काही ठिकाणी मटणाच्या पाण्यात करतात. 'एतसिझ' म्हणजे मांसाशिवाय, हा शब्द पाठ करा. पालक किंवा चीज भरलेलं गोझलेमे आपल्या पराठ्याच्या जातीचं. करामान-मुतकडे बातिरिक म्हणून प्रकार करतात, बारीक लापशी, तीळ किंवा अक्रोड, टोमॅटो, पुदिना, तिखट, हे घोटून, गार. मला फार आवडतं. चीज खाणाऱ्यांनी दिव्ले ओब्रुक विचारा, करामान जिल्ह्यातल्या एका नैसर्गिक खोल गुहेत बकरी-मेंढीच्या कातड्यात भरून मुरवतात. कातडं ऐकून कसंतरी झालं असेल तर ठेपले घेऊन जा, डोंगरावर तसंही दुकान नाही.

तिथे जुनी नाणी, दगडाचे तुकडे पडलेले असतात म्हणे. एखादा आठवण म्हणून आणला तर चालेल का? ड्रोन नेऊ का? (दुबई)

अजिबात नाही. तुर्कीत १९८३ चा २८६३ क्रमांकाचा कायदा आहे, जुनी वस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा, छोटा कोरीव तुकडासुद्धा, आणि एअरपोर्टवर बॅगेत दगड सापडून लोक अडकलेत. गावकऱ्याने नाणं विकायला काढलं तर हसून नको म्हणा, खोटं असेल तर पैसे गेले, खरं असेल तर तुम्ही गेलात. डोंगरावर ताजे खड्डे दिसतील, ते खजिना शोधणाऱ्यांचे. चर्चच्या जमिनीत सोनं पुरलंय या समजुतीपायी रात्री खणतात आणि पाया खिळखिळा करून जातात. ड्रोनला परवानगी लागते, ती आधी काढा नाहीतर घरी ठेवा.

सध्याच्या वातावरणात तुर्कीला जायचं मन होत नाही. असंच काही दुसऱ्या देशात आहे का? (ठाणे)

मे २०२५ नंतर बऱ्याच जणांनी तुर्कीची तिकिटं रद्द केली, मला माहितेय, तो ज्याचा त्याचा निर्णय आणि त्यावर वाद घालायला हे सदर नाही. ग्रीसमध्ये मिस्त्रास बघा. पेलोपोनीसमध्ये स्पार्टापासून पाचसहा किलोमीटर, तैगेतोस डोंगराच्या उतारावर आख्खं बायझंटाइन शहर, १९८९ पासून जागतिक वारसा. किल्ला १२४९ मध्ये एका फ्रेंच सरदाराने बांधला, दहाबारा वर्षांत तो कैद झाला आणि सुटकेच्या बदल्यात किल्ला बायझंटाइनांना देऊन बसला. शेवटचा सम्राट कॉन्स्टँटाइन अकरावा यालाही १४४९ मध्ये सम्राट म्हणून जाहीर केलं ते इथेच. त्यानंतर चार वर्षांत कॉन्स्टँटिनोपल पडलं. करादागसारखं ओसाड नाही, तिकीट आहे, पायवाटा आहेत, चर्चमध्ये भित्तिचित्रं टिकून आहेत, आणि पांतानासा मठात अजून नन राहतात, त्यामुळे खांदे-गुडघे झाकून जा. शेंगेन व्हिसा लागतो. पूर्ण उतार आहे, म्हणून टॅक्सीने वरच्या गेटपाशी उतरा, आधी किल्ला करा आणि मग चर्चं बघत बघत खालच्या गेटकडे चालत या. खालून चढायला सुरुवात केलेले लोक निम्म्यातच दमून परत फिरलेले मी बघितलेत. उन्हाळ्यात गेलात तर सकाळी गेट उघडायच्या वेळेला हजर राहा, अकरानंतर दगड तापतात आणि वाटेत सावली कमी आहे.